दहापर्यंत मोजायचं

वाचकांच्या गूढ अनुभवांचं हे सदर मी बरीच वर्षं वाचतो आहे आणि कबूल करतो, टिंगल करण्यासाठी वाचतो. कंपनीच्या बसमध्ये माझ्या शेजारी नागपूरचा एक इंजिनिअर बसतो. इथे सिंगापूरला, जुरोंग आयलंडवरच्या आमच्या प्लांटच्या गेटवर फोन लॉकरमध्ये ठेवावे लागतात. तोपर्यंतच्या पाऊण तासात मी त्याला या सदरातला एखादा अनुभव वाचून दाखवायचो आणि आम्ही दोघं हसायचो. आमचं घर बौद्ध. आत्मा, पिंड, श्राद्ध हे शब्द आमच्याकडे उच्चारले गेले ते नाकारण्यापुरतेच. मेलेलं माणूस परत येतं असं मला आजही वाटत नाही. तरी लिहितो आहे... कारण जे घडलं ते घडलं, आणि त्यात एक खोटं माझं आहे. निदान ते तरी बाहेर काढावं.

माझी आई स्पीच थेरपिस्ट होती. नाशिकच्या सरकारी दवाखान्यात चौतीस वर्षं. तिचं हे पद कुणाला धड उच्चारता यायचं नाही, म्हणून सगळे तिला ‘बोलायच्या बाई’ म्हणायचे. केसपेपरच्या खिडकीवरचा माणूससुद्धा सांगायचा, “पोरगं बोलत नाही ना? मग सरळ जा, डावीकडं, बोलायच्या बाई.” लोक तिच्याकडे यायचे ते सगळं करून थकल्यावर. जिभेला वेखंड लावून झालेलं असायचं, देवऋषी झालेला असायचा. एकदा एक म्हातारी पोपटानं उष्टावलेला पेरू पदरात बांधून घेऊन आली होती. तो खाल्ला की नातू बोलेल म्हणाली. आईनं पेरू हातात घेतला, उलटसुलट करून बघितला आणि म्हणाली, “असं करू, पेरू मी खाते. नातवाला रोज अकरा वाजता माझ्याकडं पाठवा.”

तो मुलगा पुढे बस कंडक्टर झाला. आईला पाहिलं की अख्ख्या बसमध्ये ऐकू जाईल अशा आवाजात तिला हाक मारायचा.

तिचा पहिला पेशंट मात्र मी होतो. मी तोतरा होतो. माझं नाव मिलिंद, आणि नेमका ‘म’ माझ्या ओठांवर अडायचा. वर्गात मुलं मला मम्मीलिंद म्हणायची. आईनं मला कधी औषध दिलं नाही, जोरात वाचायला लावलं नाही. तिचा एकच नियम होता आणि तो माझ्यासाठी नव्हता, बाकीच्यांसाठी होता — समोरच्याचं वाक्य आपण पुरं करायचं नाही. तो अडला की मनात दहापर्यंत मोजायचं. ती हाताचा पंजा उघडायची, अंगठ्यापासून एकेक बोट मिटायची, मग दुसऱ्या हाताची. दहा बोटं मिटेपर्यंत ‘बरं’सुद्धा म्हणायचं नाही. “शब्द त्याचा आहे,” ती म्हणायची, “आपण दिला की तो आपला होतो.”

बाबांना हे जमायचं नाही. माझा ‘पा’ ऐकला की तांब्या पुढे करायचे. आई स्वयंपाकघरातून म्हणायची, “अहो, थांबा. त्याला बोलू द्या.” सगळ्यांना ती ‘थांबा’ म्हणायची. मी स्वतःच घाबरून शब्दावर शब्द चढवायला लागलो की मला ‘थांब’ म्हणायची. थांब, घाई नाही. माझ्या लहानपणात तिनं मला सगळ्यात जास्त वेळा म्हटलेला शब्द हाच असेल.

एकदा तिनं मुद्दाम मला किराणा दुकानात मोहरी मागायला लावली. संध्याकाळची गर्दी, आणि माझा ‘मो’ अडला. दुकानदार चांगला माणूस होता, मदत करायला लागला. “मोरावळा? मोगऱ्याची उदबत्ती? मोहरी?” आई मागून म्हणाली, “थांबा. तो सांगेल.” दुकानदार म्हणाला, “बाई, ह्याला मोहरी मिळेपर्यंत मागच्यांची फोडणी जळेल.” लोक हसले. आईपण हसली. पण तिची बोटं मिटत होती. आठव्या बोटाला मी ‘मोहरी’ म्हणालो. घरी येताना तिनं पिशवी माझ्याकडे दिली.

त्या मोहरीवर मी इथपर्यंत आलो. इंजिनिअरिंग, नोकरी, मग सिंगापूर. आता माझ्या हाताखाली साठ माणसं आहेत आणि त्यांतल्या एकाचंही वाक्य मी पुरं होऊ देत नाही. माझी तेरा वर्षांची मुलगी मैत्री इथल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणते, “पप्पा, यू ऑल्वेज फिनिश पीपल्स सेंटेन्स, लाह. अँड ऑल्सो राँग.”

बाबा गेल्यावर मी आईला इकडे आणलं. तेव्हा ती निवृत्त होती, पण दर रविवारी आमच्या भागातल्या विहारात मुलांचा वर्ग घ्यायची. फुकट. पंधरा-वीस मुलं असायची. शीतल — माझी बायको — आणि मी दोघंही नोकरीला, मैत्री लहान. मी फोनवर आईला म्हणालो, “लोकांच्या पोरांचं किती वर्षं करणार? आता आपल्या नातीचं बघ.” पलीकडे ती बहुतेक मोजत असेल. मग म्हणाली, “बरं.” तिनं वर्ग बंद केला. त्या मुलांचं पुढे काय झालं हे मी तिला कधी विचारलं नाही.

ईस्ट कोस्टच्या आमच्या कॉन्डोत ती नऊ वर्षं राहिली. तिच्या व्हिजिट पासवर काम करता येत नव्हतं आणि इथे मराठीत अडणारं तरी कोण होतं? पण खालच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्टॉलच्या बाजारात, कोपी म्हणजे इथली कॉफी विकणारे एक चिनी अंकल होते, तेही तोतरे. आई त्यांच्या स्टॉलवरच जायची. त्यांना तिची भाषा येत नव्हती, तिला त्यांची. ते “ह-ह-ह...” करत ‘हॉट’ म्हणेपर्यंत ती काउंटरखाली बोटं मिटत उभी राहायची. मागचे लोक वैतागायचे. मीही वैतागायचो. “आई, त्याला सांग ना हॉट म्हणून, रोज तेच तर घेतेस.” ती म्हणायची, “मला माहीत आहे रे. पण विचारायचं त्याला आहे ना.”

मागच्या वर्षी तिला स्ट्रोक आला. उजवा हात गेला आणि वाचा गेली. समजत सगळं होतं. डोळ्यांत दिसायचं. पण शब्दाचं पहिलं अक्षर यायचं आणि पुढचं दार बंद. चौतीस वर्षं तिनं जे दुसऱ्यांचं सोडवलं, तेच तिच्या वाट्याला आलं. यावर लोक हळहळतात तेव्हा मला राग येतो. तिला ते सुटलं असतं... समोर दुसरी ‘ती’ असती तर. समोर मी होतो.

मोठ्या हॉस्पिटलमधून तिला रिहॅब सेंटरमध्ये हलवायचं होतं. घराजवळ एक होतं, पश्चिमेला एक. मी पश्चिमेचं निवडलं, कारण कंपनीची बस त्याच्या दारातून जायची. शीतलला आणि मैत्रीला तिथे पोचायला एमआरटीनं, म्हणजे इथल्या मेट्रोनं, तास लागायचा. मी म्हणालो, मला रोज जाता येईल. रोज गेलोही. रोज वीस मिनिटं.

तिथली स्पीच थेरपिस्ट मिस तान, तिशीही न ओलांडलेली मुलगी. पहिल्याच दिवशी ती मला म्हणाली, “मला तुमची भाषा येत नाही. मी फक्त आवाजांवर काम करू शकते. शब्द तुम्हाला काढावे लागतील, रोज, तुमच्या भाषेत.” तिनं चित्रांची कार्डं दिली. मी त्यावर मराठी शब्द लिहून आणले — कप, चमचा, खुर्ची. आठवडाभर केलं. मग कार्डं ड्रॉवरमध्ये गेली. कारण आई ‘च’ म्हणायची आणि मी म्हणायचो, “चहा? चष्मा? चादर?” आणि तिच्या मानेवरून ठरवायचो. लवकर व्हायचं.

मिस तानचं मात्र वेगळं झालं. तीसुद्धा आधी घाई करायची. आईनं डाव्या हातानं तिचा पंजा धरला आणि तिची बोटं एकेक करून मिटली. मिस तान मला हसत म्हणाली, “मिस्टर मिलिंद, युअर मदर इज ट्रेनिंग मी.” त्यानंतर ती दर प्रश्नाला दहापर्यंत थांबायची. माझ्या देखत आईच्या तोंडून ‘पाणी’ हा अख्खा शब्द निघाला तो तिच्यासमोर. मला तेव्हा आनंद झाला नाही. अपमान वाटला. हेही लिहून टाकतो.

आता तो दिवस. देखभालीसाठी प्लांटचं शटडाउन चालू होतं, म्हणून मी उशिरा जाणार होतो. बस दहा चाळीसला होती. मी सव्वादहाला आईकडे पोचलो. ती खिडकीशी खुर्चीत होती. मी इकडचं तिकडचं सांगितलं, मैत्रीच्या परीक्षेचं सांगितलं आणि दहा पस्तीसला बॅग उचलली. तिनं डाव्या हातानं माझी बाही धरली.

“था...” ती म्हणाली. “था... था...”

“काय? थालीपीठ? थालीपीठ खावंसं वाटतंय?”

तिनं मान हलवली. कशी हलवली ते शेवटी सांगतो.

“बरं, रविवारी शीतल करून आणेल. चल, माझी बस आली.”

बाही सोडवून मी निघालो. बस खरंच आली होती.

बाराच्या सुमारास तिला दुसरा झटका आला. अँब्युलन्सनं मोठ्या हॉस्पिटलमध्ये नेलं. माझा फोन गेटवरच्या लॉकरमध्ये वाजत राहिला. शीतल पोचली तेव्हा डॉक्टरांनी हात टेकलेले होते. मृत्यूच्या दाखल्यावर वेळ दोन चाळीसची आहे. मी पाच वाजता लॉकर उघडला.

इथल्या आमच्या सात-आठ कुटुंबांनी येऊन वंदना घेतली. सगळ्यांनी विचारलं, शेवटचं काही बोलल्या का? मी सांगितलं, थालीपीठ मागितलं होतं. हे ऐकून बायका रडल्या. नाशिकला फोनवरही मी तेच सांगितलं. मावशी म्हणाली, “अगं बाई... जिवाला थालीपीठच आठवलं.” पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे आमच्याकडच्या श्रद्धांजलीच्या विधीच्या, दिवशी शीतलनं पहाटे उठून पन्नास थालीपिठं लावली. लोक एकेक घास खाऊन डोळे पुसत होते. मीपण खाल्लं. मैत्री तेवढी म्हणाली, “बट आजी डोन्ट इव्हन लाइक दॅट वन.” शीतल तिला गप्प बस म्हणाली.

खरंच होतं ते. आईला थालीपीठ आवडायचं नाही. मला आवडतं.

नंतर चार दिवसांनी मिस तानचा फोन आला. आईची कार्डं आणि स्वेटर राहिला होता, ते न्यायचं होतं. आणि तिला काहीतरी विचारायचं होतं. मी ऑफिसला जातानाच गेलो. तिनं मला त्याच मजल्यावरच्या तिच्या छोट्या खोलीत बसवलं. तिचा चेहरा उतरलेला होता.

“त्या दिवशी तुमच्या आईचं सेशन तीनला होतं,” ती म्हणाली. “सकाळी मी दुसऱ्या शाखेत होते. दुपारी आले ती मागच्या लिफ्टनं सरळ खोलीत गेले. नर्सेसच्या डेस्कवर गेलेच नाही.”

मी म्हणालो, “आणि खोली रिकामी असेल. आय अ‍ॅम सॉरी, तुम्हाला कळवायला—”

“थांबा,” ती म्हणाली — इंग्रजीत, “वेट” असं. “मला पुरं बोलू द्या. खोली रिकामी नव्हती. त्या खिडकीशी खुर्चीत होत्या.”

तिनं वीस मिनिटं सेशन घेतलं होतं. आई त्या दिवशी खूप स्पष्ट बोलली, महिन्याभरात पहिल्यांदा अख्खं वाक्य बोलली आणि तेच पुन्हा म्हणाली. मिस तान ही बातमी सांगायला धावत डेस्कवर गेली, तेव्हा नर्सनं तिला बसवलं, पाणी दिलं आणि आई गेल्याचं सांगितलं. ती परत खोलीत गेली तर नुसती रिकामी खुर्ची होती. पलंगावरची चादर दुपारीच काढून नेलेली होती, तीही नव्हती. सेशन घेताना पलंगाकडे आपलं लक्ष का गेलं नाही, हे तिला आठवत नव्हतं.

मी तिला समजावलं. थकवा, तारखेचा घोळ, आधीच्या सेशनची आठवण. मी इंजिनिअर आहे, कारणं पटापट सुचतात. तिनं वाद घातला नाही. टॅबलेटवर रेकॉर्डिंग लावलं. प्रत्येक सेशन ती रेकॉर्ड करते. तारीख तीच, वेळ तीन वाजून सहा मिनिटं. मिस तानचा आवाज — “गुड आफ्टरनून, आजी.” मग शांतता. मागे एसीची घरघर. “टेक युअर टाइम.” पुन्हा शांतता. मग मिस तानचा एकदम उजळलेला आवाज — “येस. येस. अगेन?” शांतता. आईचा आवाज कुठेच नव्हता. नुसत्या मोकळ्या जागा, प्रत्येक तेवढीच लांब. मी न ठरवता मोजल्या. दहा.

“रेकॉर्डिंगमध्ये काही नाही, मला माहीत आहे,” मिस तान म्हणाली. “पण मी ऐकलं तसं तेव्हाच लिहून घेतलं होतं.” तिनं कागद पुढे केला. स्पीच थेरपिस्ट लोक कुठल्याही भाषेतले आवाज लिहायला वापरतात ती अक्षरं होती. लहानपणी आईच्या वह्यांत पाहिली होती, त्यामुळे मला थोडी वाचता येतात. दोनदा लिहिलं होतं, एकाखाली एक.

थालीपीठ नको. थांब.

थालीपीठ नको. थांब.

त्या सकाळी खोलीत आम्ही दोघंच होतो. ‘आजी’ सोडलं तर मिस तानला मराठीचा एक शब्द येत नाही, नर्सेसपैकीही कुणाला येत नाही. पुण्यानुमोदनाला तिथलं कुणी नव्हतं. आणि शेवटी ‘थांबा’ नव्हतं, ‘थांब’ होतं. मी ते शेवटचं अक्षर तीन-तीनदा पाहिलं.

“याचा अर्थ काय आहे?” मिस ताननं विचारलं.

“इट म...” मी म्हणालो. “इट म-म-म...”

पस्तीस वर्षांनी ‘म’ अडला. ओठ मिटले ते उघडेनात. मला वाटलं, ही आता म्हणेल ‘मीन्स’. ती काही म्हणाली नाही. तिचा हात टेबलावर होता आणि तिची बोटं मिटत होती. पहिला हात संपला. दुसऱ्याची चार झाली.

“मीन्स, डोन्ट वॉन्ट थालीपीठ,” मी म्हणालो. “अँड — स्टे.”

“थालीपीठ म्हणजे?”

“एक प्रकारची भाकरी.”

तिनं ते कागदावर नीट लिहून घेतलं. मी स्वेटर घेतला आणि बस चुकवली.

तेव्हापासून मी सगळे हिशोब करून पाहिले आहेत. मिस तान खोटं बोलत असेल, तर थालीपीठ तिला कुठून कळलं? आईनं सकाळीच कुणाला सांगितलं असेल, तर कुणाला? जिला एक अक्षर निघत नव्हतं, ती वाक्य कसं बोलली? आत्मा नाही, हे मी अजून मानतो. मग ते कोण होतं, हे मला सांगता येत नाही. तुमच्यापैकी कुणाला सांगता येत असेल तरी कृपया सांगू नका. माझी वाक्यं इतरांनी पुरी करावीत असं आता मला वाटत नाही.

आता त्या सकाळचं, जे मी वर राखून ठेवलं. मी ‘थालीपीठ?’ म्हटल्यावर आईनं मान आडवी हलवली होती. नाही म्हणून. शीतलला मी ‘हो म्हणाली’ असं सांगितलं. हे ती इथेच पहिल्यांदा वाचेल. ती पन्नास थालीपिठं माझ्या खोट्याची होती.

आणि आई काय म्हणते आहे हे मला त्याच क्षणी कळलं होतं. न कळायला काय झालं? तो शब्द तिनं मला आयुष्यभर म्हटलेला होता. मी बाही सोडवल्यावर तिनं डावा पंजा माझ्यासमोर उघडला होता आणि अंगठ्यापासून बोटं मिटायला सुरुवात केली होती. खाली बसचा हॉर्न वाजला. मी दारातून वळून पाहिलं, तेव्हा तिची तीन बोटं मिटलेली होती.